चारचौघांत बोलण्याची विद्या

बोलणाऱ्याचे हुलगे विकतात आणि न बोलणाऱ्याचे गहूही पडून राहतात, अशा अर्थाची एक म्हण आपल्याकडे खेडोपाडी ऐकू येते. खामगावच्या किंवा मलकापूरच्या बाजारात जो आपला माल घेऊन गेला असेल, त्यास तिचा अर्थ फोड करून सांगावयास नको. परंतु या म्हणीचा पूर्वार्धच लोक अधिक ध्यानात ठेवतात, आणि वक्तृत्व म्हणजे हुलगे गव्हाच्या भावाने खपविण्याची कला, असा समज करून घेतात. आम्हांस या म्हणीचा उत्तरार्ध अधिक विचार करण्याजोगा वाटतो. ज्याच्यापाशी खरोखरीच गहू आहेत, त्याचे गहू केवळ तोंड उघडता न आल्यामुळे पडून राहावेत, ही हानि त्या एकट्याची नव्हे. ती साऱ्या गावाची हानि आहे. आजच्या लेखात आम्ही जे सांगणार आहोत, ते अशा गहूवाल्यांसाठी आहे.

ही विद्या केवळ बक्षिसाच्या पेल्यासाठी शिकावयाची नसते. घटनेची त्र्याहत्तरावी दुरुस्ती २४ एप्रिल १९९३ रोजी अमलात आली व तिने ग्रामसभेस घटनेत स्थान दिले. गावच्या मतदारयादीत ज्याचे नाव आहे, तो प्रत्येक जण त्या सभेचा सभासद असतो. म्हणजे आज जो विद्यार्थी नववी-दहावीच्या वर्गात बसला आहे, तो तीनचार वर्षांत, अठरा वर्षे पुरी होताच, आपल्या गावच्या पाण्याविषयी, रस्त्याविषयी व शाळेविषयी उभा राहून बोलण्याचा हक्कदार होणार. महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक संस्थांतील निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखून ठेवण्यात आल्या आहेत. तेव्हा विद्यार्थिनींसही ही गोष्ट तितकीच लागू आहे. हक्क कायद्याने मिळतो. तो बजावण्याचे धैर्य व रीत मात्र शिकूनच यावी लागते. जो बोलत नाही, त्याच्या वतीने दुसरा कोणी बोलतो, आणि तो त्याच्याच हिताचे बोलेल असा भरवसा नसतो.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. वक्तृत्व ही जन्मजात देणगी आहे, ज्यास आहे त्यास आहे, नाही त्यास नाही, असे पुष्कळ जण मानतात व प्रयत्नच सोडून देतात. ग्रीस देशातील डेमॉस्थेनीस हा प्राचीन काळचा सर्वश्रेष्ठ वक्ता गणला जातो. प्लुटार्क या चरित्रकाराने लिहून ठेवले आहे की, याचे पहिले भाषण लोकांनी हसून उधळून लावले. त्याचा श्वास अपुरा पडे व उच्चार अस्पष्ट होता. पुढे त्याने तोंडात गारगोट्या धरून बोलण्याचा व चढण चढताना पाठ म्हणण्याचा अभ्यास केला. आमच्या विद्यार्थ्यांनी तोंडात खडे धरावेत असे आमचे मुळीच म्हणणे नाही. तात्पर्य इतकेच की, दोष कोणता आहे हे त्याने ओळखले आणि नेमक्या त्या दोषावर उपाय केला. आपल्याकडील उदाहरण नामदार गोखल्यांचे. १९०२ साली मोठ्या कायदेकौन्सिलात अंदाजपत्रकावर त्यांचे पहिले भाषण झाले आणि सरकारी पक्षासही त्याची दखल घेणे भाग पडले. हा प्रभाव गडगडाटी आवाजाचा नव्हता, आकड्यांच्या अभ्यासाचा होता. आणि त्या अभ्यासात सोलापूरचे गणेश व्यंकटेश जोशी यांच्यासारख्या व्यासंगी गृहस्थांचे साहाय्य घेण्यात गोखल्यांस कमीपणा वाटला नाही. सारांश, सभेतील यशाचा मोठा वाटा सभेपूर्वीच मिळवून ठेवलेला असतो.

मग तयारी कशी करावी? सर्वांत आधी, आपणांस काय सांगावयाचे आहे हे एका वाक्यात लिहून काढावे. हे वाक्य लिहिता येत नसेल तर विषय अजून आपल्यालाच समजलेला नाही, असे खुशाल समजावे. ‘पाणी’ हा विषय झाला, सांगणे नव्हे. ‘आपल्या गावच्या विहिरी उन्हाळ्यात आटतात, कारण पावसाचे पाणी शिवारात न मुरता वाहून जाते’ हे सांगणे झाले. पहिल्यावर कितीही वेळ बोलता येईल, आणि ऐकणारा घरी जाताना हात हलवीत जाईल. दुसरे मात्र त्याच्या स्मरणात राहील, पटेल किंवा खटकेल; पण रिकामे जाणार नाही.

दुसरी गोष्ट मांडणीची. यासाठी परदेशी ग्रंथ धुंडाळावयास नकोत. आपल्या देवळांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले नारदीय कीर्तन हाच मांडणीचा उत्तम नमुना आहे. धर्मभावना क्षणभर बाजूस ठेवून केवळ रचनेच्या दृष्टीने त्याकडे पाहावे. बुवा प्रथम नमन करतात, म्हणजे सभेस आपल्याकडे वळवून घेतात. नंतर एक अभंग किंवा पद घेतात. हे त्यांचे एका वाक्यातील सांगणे. पूर्वरंगात त्या पदाचा अर्थ उलगडतात व शंकांचे निरसन करतात. मध्ये नामाचा गजर होतो. त्यामुळे श्रोत्यांच्या शिणलेल्या मनास विसावा मिळतो. उत्तररंगात एखादे आख्यान लावतात, म्हणजे पूर्वरंगात जे तत्त्व म्हणून सांगितले तेच माणसांच्या चरित्रात घडताना दाखवितात. आणि अखेरीस बुवा पुन्हा मूळ पदावर येतात. विचार, त्याचे विवरण, विसावा, दृष्टांत आणि पुन्हा विचार, ही ती साखळी होय. जी आजी अक्षरशत्रु असूनही कालचे कीर्तन आज सुनेला सांगू शकते, तिच्या स्मरणशक्तीस या रचनेचा केवढा आधार झालेला असतो! पुण्यात १८७५ साली न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने वसंतव्याख्यानमाला सुरू झाली व व्याख्यान ही नवी पद्धत महाराष्ट्रात रूढ होत गेली. परंतु एक माणूस बोलतो आणि शेकडो ऐकतात, ही गोष्ट आपल्या लोकांस त्याच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होती.

हे सारे प्रत्यक्ष कसे करावयाचे, ते आपल्याच जिल्ह्यातील एका विषयावरून दाखवितो. समजा, एखाद्या विद्यार्थ्यास स्नेहसंमेलनात लोणारच्या सरोवरावर सात मिनिटे बोलावयाचे आहे. प्रथम तो माहिती गोळा करील. विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर, काठापासून पाण्यापर्यंतची खोली सुमारे १३७ मीटर, पाणी खारट व क्षारयुक्त, १८२३ साली सी. जे. ई. अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने केलेली नोंद. लवणासुराची कथा व गावातील दैत्यसूदनाचे देऊळ. काळ्या पाषाणात, म्हणजे बेसाल्टात, पडलेला हा खळगा. २०२० च्या जून महिन्यात गुलाबी झालेले पाणी. त्याच वर्षी रामसर यादीत झालेला समावेश. ही सारी माहिती जशीच्या तशी ओतली तर ते भाषण न होता वाण्याची यादी होईल.

म्हणून तो स्वतःस विचारील की, माझे एक वाक्य कोणते? समजा, त्याने असे ठरविले: ‘लोणारचे विवर आकाशातून पडलेल्या पाषाणाने झाले, हे माणसाने पुराव्याने शोधून काढले.’ आता कोणती माहिती ठेवावी व कोणती गाळावी, हे ते वाक्यच सांगू लागते. आरंभी लवणासुराची कथा दोन वाक्यांत यावी. कारण हा खड्डा कसा झाला असेल, हा प्रश्न आपल्या पूर्वजांसही पडला होता, हे तिच्यावरून दिसते. नंतर, हा ज्वालामुखीचा खळगा असावा असे पुष्कळ काळ मानले जात होते, ते सांगावे. कारण भोवतालचा सारा पाषाण ज्वालामुखीचाच आहे. मग पुरावा. १९७३ साली शास्त्रज्ञांनी येथील पाषाणाची तपासणी प्रसिद्ध केली. त्यात असे काचेसारखे द्रव्य आढळले होते की, जे केवळ प्रचंड आघातानेच बनू शकते. ज्वालामुखीच्या उष्णतेने ते बनत नाही. येथे ऐकणाऱ्यांचे कान टवकारले जातील. शेवटी, काळाविषयी मत कसे बदलत गेले ते सांगावे. पूर्वी या विवराचे वय सुमारे ५२,००० वर्षे धरीत. पुढे अधिक सूक्ष्म मापनाने ते सुमारे ५,७०,००० वर्षे निघाले. म्हणजे शास्त्र आपलेच उत्तर पुन्हा तपासते. यानंतर मूळ वाक्यावर येऊन थांबावे. गुलाबी पाण्याची गोष्ट कितीही मनोरंजक असली तरी या भाषणात तिला जागा नाही. गाळलेली माहिती वाया जात नाही. सभेनंतर कोणी प्रश्न विचारला तर ती कामास येते, आणि बोलणाऱ्याच्या मनास जो आधार वाटतो, तोही तिचाच.

आकड्यांविषयी एक सूचना येथेच देतो. १३७ मीटर म्हटल्याने कोणाच्याही डोळ्यांपुढे काही उभे राहत नाही. परंतु ‘एकावर एक चाळीस मजले रचले तरी त्या विवरात बुडून जातील’ असे म्हटले की लहान मुलासही खोली दिसते. व्यास १.८ किलोमीटर म्हणजे काठाची फेरी साधारण पावणेसहा किलोमीटरांची; ‘चांगल्या चालणाऱ्यास तासाहून अधिक वेळ लागेल’ असे सांगावे. एका भाषणात असे दोनतीनच आकडे असावेत, आणि प्रत्येक आकड्यास ओळखीच्या वस्तूचा हात द्यावा.

तिसरी गोष्ट, श्रोत्यांची ओळख. या बाबतीत आपल्या वऱ्हाडास दूर जावे लागत नाही. अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे १८७६ साली जन्मलेले व १९५६ साली दिवंगत झालेले संत गाडगेबाबा यांस शाळेचे शिक्षण मिळाले नव्हते. तरी त्यांच्या कीर्तनास हजारो लोक जमत. त्यांची रीत अशी की, गावात आल्यावर प्रथम हातात खराटा घेऊन गाव झाडावयाचा आणि रात्री कीर्तनास उभे राहावयाचे. त्या झाडण्यात गावची घाण निघे, हे तर खरेच; परंतु गाव कसा आहे, कोठे काय साचले आहे, हेही त्यांस दिसत असले पाहिजे. रात्री ते श्रोत्यांनाच प्रश्न विचारीत, त्यांच्याकडूनच उत्तर वदवून घेत आणि त्या उत्तरावर पुढला प्रश्न रचीत. कर्ज काढून सण करू नका, मुलांना शाळेत घाला, शिवाशीव पाळू नका, देवापुढे मुके जनावर मारू नका, हे त्यांचे सांगणे वरून लादलेले न वाटता ऐकणाऱ्याच्या स्वतःच्याच तोंडून निघाल्यासारखे होई. यावरून विद्यार्थ्याने एवढे घ्यावे: आपल्यापुढे कोण बसणार आहे, त्यांस काय ठाऊक आहे, काय नाही, आणि त्यांच्या मनात आधीपासून कोणती शंका आहे, हे बोलण्यापूर्वी विचारात घ्यावे. शेतकऱ्यांपुढे कपाशीचा दृष्टांत जितका लवकर पोहोचतो, तितका समुद्राचा पोहोचत नाही.

गाडगेबाबा वऱ्हाडीत बोलत, ही गोष्ट आम्ही मुद्दाम सांगतो. आमच्या पाहण्यात असे पुष्कळ विद्यार्थी येतात की, जे खेड्यातून शिकावयास आलेले असतात, विचाराने चांगले असतात. परंतु आपली बोली ऐकून कोणी हसेल या भीतीने सभेत मूग गिळून बसतात. याविषयी आमचे मत स्पष्ट आहे. प्रमाण मराठी अवश्य शिकावी, लिहावी व बोलावी. कारण ती नाशिकपासून नागपूरपर्यंत सर्वांस समजते. परंतु बोली म्हणजे अशुद्धता नव्हे. घराच्या भाषेत विचार करावा आणि सभेच्या भाषेत मांडावा. आणि जेथे घरचाच शब्द अचूक असेल तेथे तोच निःशंकपणे वापरावा. उसने घेतलेले संस्कृत शब्द ओळीने मांडल्याने भाषण भारदस्त होत नाही. ते जड मात्र होते. जे हसतात त्यांस हसू द्यावे. मुद्दा पक्का असला की सभेचे हसणे फार वेळ टिकत नाही.

चौथी गोष्ट, विरोधाची तयारी. आपले म्हणणे सर्वांस आपोआप पटेल असे धरून चालणारा वक्ता पहिल्याच प्रश्नाला गडबडतो. या बाबतीत आपल्या बुलढाणे गावचेच एक नाव अभिमानाने घ्यावयास हवे. १८८१ साली सुरतेस एका तरुण विधवेस शिक्षा झाली आणि त्या निमित्ताने स्त्रीजातीवर चोहोंकडून टीकेचा भडिमार होऊ लागला. तेव्हा बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्रीपुरुषतुलना’ हा निबंध लिहिला. तो १८८२ साली पुण्यास छापला गेला. ते सभेतील भाषण नव्हे, हे खरे. परंतु वाचताना कोणी समोर उभे राहून जाब विचारीत आहे असेच वाटते. त्यांची पद्धत पाहावी. स्त्रियांवर जे दोष लादले जात, ते त्या एकेक करून हाती घेतात, आणि हाच दोष पुरुषांत नाही काय, असा उलट प्रश्न करतात. प्रतिपक्षाचे म्हणणे त्या टाळीत नाहीत, ते उघड मांडूनच त्यास उत्तर देतात. पुढे १८८५ साली महात्मा फुले यांनी आपल्या ‘सत्सार’मध्ये ताराबाईंची बाजू उचलून धरली. आमच्या विद्यार्थ्यांनी हा धडा घ्यावा की, विरोधकाचा सर्वांत बळकट मुद्दा कोणता, हे आधी शोधावे, तो प्रामाणिकपणे सांगावा, आणि मगच त्याचे उत्तर द्यावे. दुबळा मुद्दा शोधून त्यावर विजय मिळविणे सोपे असते. श्रोत्यांस ते कळते, मात्र ते बोलून दाखवीत नाहीत.

आता भाषण लिहून पाठ करावे, वाचून दाखवावे, की आयत्या वेळी सुचेल ते बोलावे? तिन्हींत धोका आहे. पाठ केलेल्या भाषणात एक शब्द निसटला की पुढली सारी ओळ निसटते, आणि विद्यार्थी छताकडे पाहत उभा राहतो. वाचून दाखविणाऱ्याचे डोळे कागदात गुंततात. त्यास सभा दिसत नाही आणि सभेस तो दिसत नाही. आयत्या वेळच्या सुचण्यावर विसंबणाऱ्यास बहुधा काही सुचत नाही, अथवा फार सुचते व थांबावे कोठे ते कळत नाही. आमच्या मते मधला मार्ग असा. भाषण प्रथम पुरे लिहावे. त्याने विचार स्वच्छ होतो. नंतर त्यातील पाचसहा मुद्दे प्रत्येकी दोनचार शब्दांत एका लहान कागदावर उतरावेत. आरंभीची दोन वाक्ये व शेवटची दोन वाक्ये तेवढी पाठ करावीत; कारण पाय लटपटण्याची ठिकाणे तीच. मधला मजकूर मुद्द्यांच्या आधाराने आपल्या शब्दांत, दर वेळी थोड्या निराळ्या शब्दांत, बोलून पाहावा. मोठ्या सभेत मिनिटास अंदाजे शंभर ते सव्वाशे शब्दांहून वेगाने बोलल्यास मागच्यांस नीट समजत नाही. तेव्हा सात मिनिटांस सातआठशे शब्द पुरेत. घड्याळ लावून तीनचार वेळा मोठ्याने म्हणून पाहावे. मनातल्या मनात म्हणणे म्हणजे सराव नव्हे. पाण्यात न उतरता पोहण्यासारखे ते आहे.

सभेत उभे राहिल्यावर भय वाटणे स्वाभाविक आहे. ते मोठमोठ्या वक्त्यांसही वाटते. अनुभवाने ते नाहीसे होत नाही, पण आटोक्यात येते. त्यावर उपाय साधे आहेत. व्यासपीठावर जाताच बोलण्याची घाई करू नये. दोन्ही पाय जमिनीवर सारखे टेकून उभे राहावे, एक दीर्घ श्वास घ्यावा, सभेकडे पाहावे आणि मग पहिले वाक्य सावकाश उच्चारावे. शेवटच्या रांगेतील माणसाशी आपण बोलत आहो असे मानावे, म्हणजे आवाज आपोआप योग्य तितका चढतो. ध्वनिक्षेपक असेल तर ओरडू नये व त्यास तोंड चिकटवूही नये; वीतभर अंतर ठेवून नेहमीच्या आवाजात बोलावे. वाक्याचा शेवट गिळू नये. मराठीत क्रियापद शेवटी येते, आणि ते ऐकू आले नाही तर ‘केले’ की ‘केले नाही’ हेच श्रोत्यांस कळत नाही. महत्त्वाच्या वाक्यानंतर क्षणभर थांबावे. बोलणाऱ्यास तो क्षण युगासारखा वाटतो. ऐकणाऱ्यास तो विचार करावयास जेमतेम पुरतो.

ज्यांचा आवाज बारीक आहे त्यांनीही खचून जाऊ नये. पंडिता रमाबाई १८८९ च्या डिसेंबरात मुंबईस सामाजिक परिषदेत बोलावयास उभ्या राहिल्या, तेव्हाची हकीकत त्यांचे चरित्रकार सांगतात. आवाज लहान म्हणून सभेत गलबला होऊ लागला. रमाबाई शांत उभ्या राहिल्या. आणि सभा स्तब्ध झाल्यावर त्यांनी अशा अर्थाचे उद्गार काढले की, स्त्रीचा आवाज लहान असला तर नवल नाही, कारण तो मोठा करण्याची संधीच तुम्ही तिला कधी दिली नाही. त्यांनी स्वतःची उणीव लपविली नाही. तिचाच मुद्दा केला. आमच्या विद्यार्थिनींनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी, आणि त्यांच्या पालकांनी तर अधिकच ठेवावी.

हल्ली चित्रे पडद्यावर दाखवून बोलण्याची सोय पुष्कळ शाळांत झाली आहे. ही सोय चांगली आहे. लोणारचे विवर शब्दांनी सांगण्यापेक्षा एका चित्राने लवकर समजते. परंतु पडद्यावर सारे भाषणच लिहून काढणे व सभेकडे पाठ करून ते वाचणे, ही तिची विटंबना होय. एका चित्रात एकच गोष्ट असावी, अक्षरे मागच्या बाकावरून वाचता येतील इतकी मोठी असावीत, आणि चित्र दाखवून झाले की लोकांचे लक्ष पुन्हा आपल्याकडे घ्यावे. वीज केव्हाही जाऊ शकते. म्हणून जे भाषण पडद्यावाचूनही उभे राहील, त्यालाच पडद्याची जोड द्यावी. खडू, फळा आणि हातातील दगडाचा एक तुकडा यांनीही हे काम उत्तम होते.

शेवट कसा करावा, हा बहुतेकांना न साधणारा भाग आहे. ‘एवढे बोलून मी आपले दोन शब्द संपवितो’ असे म्हणून पुढे पाच मिनिटे बोलणारे वक्ते आपण सर्वांनी ऐकले आहेत. १९ नोव्हेंबर १८६३ रोजी अमेरिकेत गेटिसबर्ग येथे रणांगणावर पडलेल्या सैनिकांच्या स्मशानभूमीचा समारंभ झाला. मुख्य वक्ते एडवर्ड एव्हरेट सुमारे दोन तास बोलले. त्यानंतर अध्यक्ष लिंकन अवघी दोनतीन मिनिटे बोलले. शब्द सुमारे २७०. दुसऱ्याच दिवशी एव्हरेट यांनी लिंकन यांस पत्र लिहून, आपणांस दोन तासांत जे साधले नाही ते आपण दोन मिनिटांत साधलेत, अशा आशयाची मोकळ्या मनाने कबुली दिली. आखूड भाषण म्हणजे चांगले भाषण, असा याचा अर्थ नव्हे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटनासमितीत केलेले समारोपाचे भाषण चांगले दीर्घ आहे. तरी ते पसरट वाटत नाही. देशाचे स्वातंत्र्य टिकेल काय, लोकशाही टिकेल काय, असे प्रश्न त्यांनी प्रथम उभे केले. आणि त्यांच्या उत्तरादाखल तीन गोष्टी क्रमाने सांगितल्या: सनदशीर मार्ग धरावा, राजकारणात व्यक्तिपूजा करू नये, आणि राजकीय लोकशाहीस सामाजिक लोकशाहीची जोड द्यावी. प्रश्न मोजके, उत्तरे मोजकी, क्रम स्पष्ट. लांबी कितीही असो, ऐकणाऱ्यास आपण कोठे आहो हे कळत राहिले पाहिजे, आणि मुक्काम आला की उतरता आले पाहिजे.

पालकांस दोन शब्द सांगणे अवश्य आहे. स्पर्धा जवळ आली की पुष्कळ घरी वडील किंवा काका भाषण लिहून देतात, मूल ते हावभावांसह घोकते, आणि कधी कधी बक्षीसही मिळविते. यात हेतु प्रेमाचा असतो, हे आम्ही जाणतो. परंतु यातून मूल काय शिकते? दुसऱ्याचे विचार दुसऱ्याच्या शब्दांत ठणकावून सांगणे! पुढे तेच मूल मोठे होऊन कोणी हाती दिलेला कागद तितक्याच आवेशाने वाचील, तर दोष कोणाचा? त्यापेक्षा जेवणाच्या वेळी त्यास विचारावे, ‘तुला यात काय वाटते? कशावरून?’ त्याचे ऐकून घ्यावे, मध्येच तोडू नये. त्याचे भाषण वेडेवाकडे झाले तरी चालेल. ते त्याचे असले पाहिजे. जेथे मुलांचे, आणि विशेषतः मुलींचे, बोलणे घरात ऐकून घेतले जाते, तेथे सभेची भीती निम्मी घरातच सरते. ‘लहान तोंडी मोठा घास’ असे म्हणून ज्यास दहा वर्षे गप्प बसविले, त्याने अकराव्या वर्षी व्यासपीठ गाजवावे, अशी अपेक्षा कशी करता येईल?

सिंदखेड राजा येथे जिजाऊंच्या जन्मदिवशी, १२ जानेवारीस, दर वर्षी मोठा जनसमुदाय जमतो, आणि त्या सुमारास जिल्ह्यातील कितीतरी शाळांत मुले-मुली भाषणास उभी राहतात. यंदा जे उभे राहतील, त्यांनी वरील सूचनांपैकी एक तरी करून पाहावी: भाषण लिहिण्यापूर्वी आपले एक वाक्य शोधावे. ते सापडले की त्यास आधार शोधावा, दृष्टांत शोधावा, विरोध ऐकावा, आणि मग निर्भयपणे उभे राहावे. टाळ्या पडोत वा न पडोत. सभा संपल्यावर एका जरी श्रोत्याने जवळ येऊन ‘बाळ, तू म्हणालास ते खरे, पण...’ असे म्हणून वाद घातला, तर आपले गहू बाजारात पोहोचले असे समजावे.